आसईच्या रणात आपले कोण होते?

मराठ्यांचा इतिहास मी दोन ठिकाणी शिकलो, शाळेत आणि घरच्या ओसरीवर. शाळेत सनावळ्या मिळाल्या आणि ओसरीवर त्यांची कारणे मिळाली. राज्य का गेले, या प्रश्नाचे आमच्या ओसरीवरचे उत्तर ठरलेले असे. मराठ्यांनी गनिमी कावा सोडला, टोपीकरांची कवायत उचलली, अवजड तोफांचे लोढणे गळ्यात बांधून घेतले आणि मोकळ्या मैदानात इंग्रजांशी त्यांच्याच पद्धतीने लढायला गेले. मग दुसरे काय होणार? पानाला चुना लावता लावता आजोबा हे इतक्या सहजपणे सांगत, की त्यात शंकेला जागा आहे असे मला पुष्कळ वर्षे वाटलेच नाही. पुढे वाचन वाढले तेव्हा दिसले, की हे मत काही एकट्या आजोबांचे नव्हते. त्या काळच्या टॉमस मन्रोसारख्या जाणत्या इंग्रज अधिकाऱ्यांनीही थोड्याफार फरकाने हेच म्हणून ठेवले आहे.

काही वर्षांपूर्वी सप्टेंबरअखेर एका कामासाठी जालन्यास गेलो होतो. हाताशी एक दिवस मोकळा होता. एका स्नेह्याला बरोबर घेऊन भोकरदनमार्गे आसई गाठली. इंग्रजांच्या पुस्तकांत हे गाव 'असाये' या नावाने अमर झाले आहे. आपल्याकडे मात्र जिल्ह्याबाहेर नाव सांगितले तर पुन्हा सांगावे लागते. त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता. दक्षिणेकडून केळना आणि उत्तरेकडून जुई, अशा दोन नद्या पूर्वेकडे वाहत जाऊन एकमेकींस मिळतात, आणि त्यांच्या बेचक्यात काळीभोर जमीन पसरलेली आहे. त्या जमिनीत कपाशी उभी होती. बांधावर बसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याला मी, शहरी माणसाच्या उत्साहाने, येथे कोणती लढाई झाली ते सांगू लागलो. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मंग त्यात आपले कोन व्हते?"

प्रश्न साधा होता. मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि अडखळलो. त्या अडखळण्यातून हा लेख निघाला आहे.

आसईची लढाई झाली २३ सप्टेंबर १८०३ रोजी. पण तिची हकीकत सुरू होते ती एका दिवाळीपासून. १८०२ सालच्या दिवाळीच्या ऐन दिवसांत, २५ ऑक्टोबरला, पुण्याजवळ हडपसरच्या माळावर यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशवे यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. घराघरांत फराळाची ताटे मांडण्याच्या दिवसांत पुणेकरांनी तोफांचे आवाज ऐकले, आणि त्या तोफा दोन्ही बाजूंनी मराठ्यांच्याच होत्या. या वैराला कारण होते. आदल्याच वर्षी दुसऱ्या बाजीरावाने यशवंतरावांचा भाऊ विठोजी याला पुण्यात हत्तीच्या पायी देऊन मारले होते. त्याआधी, १७९७ मध्ये, दुसरा एक भाऊ मल्हारराव दौलतराव शिंद्यांच्या हल्ल्यात ठार झाला होता. तेव्हा होळकरांच्या मनात शिंदे काय किंवा पेशवे काय, दोघांविषयीही प्रेम असण्याचे कारण नव्हते.

बाजीराव पुण्यातून पळाला. कोकणात उतरून, इंग्रजांच्या आश्रयाने तो वसईस पोहोचला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी तेथे त्याने तह केला. कंपनीची सहा हजार तैनाती फौज कायम ठेवून घ्यायची, तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख तोडून द्यायचा, आणि कंपनीला विचारल्यावाचून दुसऱ्या कोणाशी तह किंवा युद्ध करायचे नाही. मराठेशाहीच्या प्रमुखाने आपले परराष्ट्रकारण अशा रीतीने एका व्यापारी कंपनीच्या हवाली केले. जी वसई १७३९ मध्ये चिमाजी आप्पाने पोर्तुगिजांकडून घेतली, त्याच वसईत त्याच्या पुतण्याच्या मुलाने ही सही करावी, याला दैवाची थट्टा म्हणण्याचा मोह होतो. पण दैवाचा येथे फारसा संबंध नव्हता. १३ मे १८०३ रोजी आर्थर वेलस्ली या चौतीस वर्षांच्या इंग्रज सेनापतीने बाजीरावाला पुण्याच्या गादीवर परत बसवले. त्याचाच वडील भाऊ कलकत्त्यास गव्हर्नर जनरल होता.

दौलतराव शिंदे आणि नागपूरचे दुसरे रघुजी भोसले यांना हा तह मानवणारा नव्हता. दोघांनी फौजा एकत्र केल्या आणि होळकरांनाही बोलावले. होळकरांनी होकार भरला, पण ते माळव्यात राहून वाट पाहत बसले. ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झाले, तेव्हा तिघांपैकी दोघेच मैदानात होते. चौथा, म्हणजे खुद्द पेशवा, शत्रूच्या छावणीत होता. केवळ आठ वर्षांपूर्वी, मार्च १७९५ मध्ये, खर्ड्याच्या मैदानावर हीच सारी घराणी एका निशाणाखाली उभी राहिली होती आणि निजामाला नमवून परतली होती. त्या आठ वर्षांत सवाई माधवराव गेला, तुकोजी होळकर गेला, नाना फडणीस गेला. माणसे जातातच. पण त्यांच्या मागे एकमेकांना धरून ठेवणारी कोणतीही व्यवस्था उरली नाही.

आता आजोबांच्या कारणाकडे वळतो. शिंद्यांचे कवायती कंपू ही हौसेने केलेली नक्कल नव्हती. महादजी शिंद्यांनी डी बॉयन या सव्हॉयच्या सरदाराकडून हे कंपू उभे करवले आणि त्यांच्याच जोरावर उत्तर हिंदुस्थानात आपला अंमल बसवला. आग्र्याच्या कारखान्यात ओतलेल्या त्यांच्या तोफा इंग्रज तोफांच्या तोडीच्या होत्या. हे लढाईनंतर खुद्द वेलस्लीने लिहिले आहे. आसईला असे तीन कंपू होते. मुख्य कंपू पोलमन नावाच्या हानोव्हरच्या जर्मनाकडे होता, दुसरा बेगम समरूचा आणि तिसरा आणखी एका युरोपीय सरदाराकडे. मिळून सुमारे दहा-अकरा हजार कवायती पायदळ, शंभरावर तोफा, आणि भोवती तीस-चाळीस हजार घोडदळ. शिपाई बहुतेक हिंदुस्थानी, म्हणजे अयोध्या-अंतर्वेदीकडचे. वेलस्लीकडे प्रत्यक्ष लढणारे सुमारे साडेचार हजार होते. त्यांत गोऱ्या पायदळाच्या दोन पलटणी आणि गोऱ्या स्वारांची एक; बाकीचे मद्रासकडचे देशी शिपाई. याखेरीज म्हैसूरचे आणि पेशव्यांचे घोडदळ त्याच्याबरोबर होते.

बळाचे पारडे शिंद्यांकडे झुकलेले होते, यात शंका नाही. उणीव निराळ्याच जागी होती. कंपूंचे शिपाई तयार झाले, तोफा तयार झाल्या. पण त्यांच्यावर हुकूम करणारा अधिकारी आपल्यातून तयार करावा, हे कोणाला सुचले नाही. तो शेवटपर्यंत भाड्याचा राहिला. युद्धाच्या तोंडावर गव्हर्नर जनरलने जाहीरनामा काढला, की शिंद्यांच्या चाकरीतील इंग्रजांनी निघून यावे, त्यांची पोटापाण्याची सोय कंपनी करील. पुष्कळजण निघून आले. उत्तरेत तर शिंद्यांचा मुख्य सेनापती पेरॉन हाच सप्टेंबरच्या आरंभी चाकरी सोडून इंग्रजांच्या आश्रयाला गेला. शिवाय शिपायांचा पगार वेळेवर होत नसे. महादजींच्या मृत्यूनंतर दौलतरावांचे घरातच युद्ध सुरू झाले होते आणि खजिना आटला होता. १७९८ च्या सुमारास फौजेच्या देण्यासाठी सर्जेराव घाटग्याने पुण्यातील सावकारांवर व कारभाऱ्यांवर जो जुलूम केला, तो प्रसिद्धच आहे. वेलस्लीचे लष्कर मात्र रोख पैसे देऊन धान्य घेत होते, आणि त्याचे बैल, होड्या व वंजाऱ्यांचे तांडे यांचा हिशेब तो स्वतः पाहत होता.

२३ सप्टेंबरला सकाळी वेलस्ली नळणीस पोहोचला. दुसऱ्या वाटेने येणाऱ्या कर्नल स्टीव्हन्सनशी मिळून २४ तारखेला हल्ला करावा, असा त्याचा बेत होता. पण मराठ्यांचा तळ अपेक्षेपेक्षा पुष्कळ जवळ, केळनेच्या पलीकडे, भोकरदनपासून आसईपर्यंत पसरलेला आढळला. वाट पाहावी तर शत्रू निसटेल या भीतीने त्याने त्याच दिवशी चाल करण्याचे ठरवले. समोरून नदी ओलांडणे अशक्य होते. वाटाड्यांनी सांगितले, की खाली दुसरा उतार नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिले तेव्हा नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली, पिंपळगाव आणि वरूड. दोन गावे अशी समोरासमोर वसली म्हणजे मध्ये येण्याजाण्याची वाट असलीच पाहिजे, असा त्याने तर्क केला. तर्क खरा ठरला. त्या उतारावर मराठ्यांची एकही चौकी नव्हती.

केळनेच्या काठी उभा असताना मला सर्वांत अधिक बोचले ते हेच. दोन गावांमधली पायवाट परमुलखातून आलेल्या माणसाला नुसत्या तर्काने कळली. या मुलखाच्या धन्यांना ती ठाऊक असणार, पण राखावीशी वाटली नाही. घोडदळ होते, चाळीस हजार होते. शंभर स्वारही त्या उताराला पुरले असते.

इंग्रज फौज नदी उतरून दोन नद्यांच्या बेचक्यात शिरली, तेव्हा तिला वाटले होते की मराठ्यांची डावी बाजू उघडी सापडेल. पण पोलमनच्या पायदळाने, तोफांसकट, आपली सगळी रांग काटकोनात फिरवली आणि केळनेपासून आसई गावापर्यंत नवी फळी उभी केली. इतकी अवघड हालचाल हे लोक इतक्या सफाईने करतील, याची वेलस्लीला कल्पना नव्हती. मग तोफा सुरू झाल्या. इंग्रजांच्या तोफांचे बैल आणि गोलंदाज पटापट पडू लागले, त्या तोफा पुढे नेता येईनात. उजव्या बाजूची चौऱ्याहत्तरावी गोरी पलटण वाट चुकून आसई गावातल्या तोफांच्या तोंडी गेली आणि जवळजवळ बुडाली. तिला मॅक्सवेलच्या स्वारांनी कसेबसे सोडवले. डावीकडे गोरे आणि मद्रासी शिपाई संगिनी रोखून तोफांवर चालून गेले. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत. तोफांपाशीच कापले गेले. फळी पुढे निघून गेल्यावर मेलेल्यांचे सोंग करून पडलेले गोलंदाज उठले, त्यांनी तोफा फिरवल्या आणि इंग्रजांच्या पाठीवर मारा सुरू केला. तोफा पुन्हा जिंकून घ्याव्या लागल्या. या धुमाळीत वेलस्लीच्या अंगाखालची दोन घोडी जायबंदी झाली आणि मॅक्सवेल ठार झाला.

संध्याकाळी लढाई संपली. साडेचार हजारांपैकी इंग्रजांचे पंधराशे चौऱ्याऐंशी लोक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा. मराठ्यांचे सुमारे बाराशे मुडदे रणात मोजले गेले आणि नव्वदांहून अधिक तोफा शत्रूच्या हाती पडल्या. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणाऱ्या या माणसाला म्हातारपणी कोणी विचारले, की तुमच्या हातून झालेली सर्वांत उत्तम लढाई कोणती, तेव्हा त्याने आसईचे नाव घेतले असे सांगतात.

आता ते तीस-चाळीस हजार घोडदळ काय करत होते? ते पश्चिमेकडे उभे राहून पाहत होते. आणि दौलतराव शिंदे व रघुजी भोसले? लढाई ऐन भरात येण्यापूर्वीच दोघांनी मैदान सोडले होते.

येथे आजोबांचे कारण मला सोडून द्यावे लागले. गनिमी काव्याचे जे साधन होते, ते हलके घोडदळ, आसईला हजर होते, मुबलक होते, आणि तेच लढले नाही. ज्या कवायतीला आणि तोफांना आपण दोन पिढ्या दोष देत आलो, त्यांनीच मराठ्यांची त्या दिवशीची लाज राखली. आजोबांच्या कारणात एक सोय होती. शस्त्र चुकले म्हटले, की ते धरणाऱ्या हाताविषयी बोलावे लागत नाही. पाच आठवड्यांनी, १ नोव्हेंबरला, उत्तरेत लासवाडीला शिंद्यांच्या उरलेल्या पलटणी आपल्या युरोपीय सरदारांवाचून लढल्या आणि जागेवर मेल्या. त्यांच्या शौर्याचे वर्णन शत्रूच्या सेनापतीने, जनरल लेकने, केले आहे. आपल्या पोवाड्यांत या माणसांना जागा मिळाल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही.

लढाईचे परिणाम मोजताना प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, की दिल्ली आसईमुळे गेली नाही. ती बारा दिवस आधीच, ११ सप्टेंबरला, लेकने घेतली होती. पण दक्षिणेतील मुख्य फौज टिकली असती, तर गेलेले परत मिळवण्याची भाषा करता आली असती. आसईनंतर बऱ्हाणपूर गेले, असीरगड गेला. २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई गेली आणि १५ डिसेंबरला गाविलगड पडला. मग दोनच आठवड्यांत दोन तह झाले. १७ डिसेंबरला देवगावला भोसल्यांनी कटक प्रांत इंग्रजांना आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचे वऱ्हाड निजामासाठी सोडले. ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावला शिंद्यांनी गंगा-यमुनेचा दुआब, दिल्ली-आग्र्याकडचा प्रदेश, भडोच, अहमदनगर आणि अजिंठ्याच्या डोंगरापासून गोदावरीपर्यंतचा आपला मुलूख सोडला, आणि मोगल बादशहावरील सगळे हक्कही सोडले. कटक मिळाल्याने इंग्रजांचा बंगाल आणि मद्रास किनाऱ्याने जोडला गेला. दिल्लीचा आंधळा बादशहा शाह आलम महादजींच्या छत्राखालून निघून कंपनीच्या छत्राखाली गेला. हिंदुस्थानचे सार्वभौमत्व कोणाकडे, हा प्रश्न पुढे पन्नास वर्षे कागदावर लोंबकळत राहिला. व्यवहारात तो १८०३ च्या त्या चार महिन्यांत सुटला होता.

होळकर १८०४ मध्ये एकटे लढायला उभे राहिले. त्यांनी मॉन्सनच्या फौजेची दाणादाण उडवली, भरतपूरच्या जाटांनी लेकचे चार हल्ले परतवले. या माणसाच्या अंगी काय होते ते तेव्हा दिसले. आणि एक वर्ष आधी तो शिंदे-भोसल्यांच्या शेजारी उभा असता तर, हा विचार मनाला चाटून जातोच. १८०५ च्या डिसेंबरात त्यांनाही तह करावा लागला.

दिल्ली आणि कटक आज आपल्याला दूरची वाटतात. पण या तहांची एक रेघ आपल्या दारावरून गेली आहे, तिकडे सहसा लक्ष जात नाही. अजिंठ्याच्या दक्षिणेचा जो मुलूख शिंद्यांनी सोडला, त्यातील जालन्याकडचा भाग इंग्रजांनी आपल्या मित्राला, निजामाला, देऊन टाकला. मराठवाड्याचा मोठा भाग आधीपासून निजामाकडे होताच. खर्ड्याला मिळवलेला वरचष्मा मात्र आता कायमचा पुसला गेला. जे निजामाला रणात जिंकता आले नव्हते, ते दुसऱ्याच्या लढाईतून त्याला बसल्या जागी मिळाले. म्हणजे ज्या शेतात ही लढाई झाली, ते शेत सप्टेंबर १९४८ पर्यंत, एकशे चव्वेचाळीस वर्षे, हैदराबाद संस्थानात राहिले. वऱ्हाडही तसेच गेले. १८५३ मध्ये त्याचा कारभार इंग्रजांकडे आला आणि पुढे ते मध्यप्रांताला जोडले गेले. एकच भाषा बोलणारी माणसे तीन राज्यांच्या तीन कचेऱ्यांत, तीन तऱ्हेचे सारे भरत राहिली. ही ताटातूट सांधायला १९५६ आणि १९६० उजाडावे लागले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत आपण ज्या रेघा पुसायला निघालो होतो, त्यांतल्या काही देवगाव आणि अंजनगावच्या छावण्यांत ओढलेल्या होत्या.

आता त्या शेतकऱ्याच्या प्रश्नाकडे येतो. त्यात आपले कोण होते? शिंद्यांकडचे शिपाई उत्तरेकडचे आणि त्यांचे सरदार युरोपातले. इंग्रजांकडचे शिपाई मद्रासचे, आणि त्यांच्या मदतीला खुद्द पेशव्यांचे स्वार. वेलस्लीच्या त्या मोहिमेत सामील झालेल्या पेशव्यांच्या पथकांत बापू गोखल्यांचे पथक होते. हेच बापू गोखले चौदा वर्षांनी, ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, खडकीच्या मैदानावर त्याच इंग्रजांविरुद्ध पेशव्यांचे सेनापती म्हणून उभे राहिले आणि फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीला लढता लढता पडले. त्यांच्या शौर्याविषयी कोणी शंका घेणार नाही. १८०३ मध्ये ते धन्याच्या हुकमाने इंग्रजांबरोबर गेले आणि १८१७ मध्ये धन्याच्याच हुकमाने इंग्रजांवर गेले. दोन्ही वेळा त्यांनी चाकरी इमानाने केली. धनी तोच होता. मधल्या काळात वसईचा कागद काय होता हे त्या धन्याला कळले, पण तेव्हा त्याच्या शेजारी उभे राहायला शिंदे उरले नव्हते आणि भोसले-होळकरांना इंग्रजांनी एकेकटे गाठले. बाजीराव आठ लाखांच्या तनख्यावर ब्रह्मावर्तास जाऊन राहिला.

एवढे सगळे मी त्या बांधावर सांगू शकलो नाही. "दोन्हीकडं व्हते, बाबा," एवढेच म्हणालो. म्हातारा थोडा वेळ केळनेकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मंग जिकणार कोन? तिसराच." आणि उठून कपाशीत शिरला. आम्ही पिंपळगावच्या बाजूने परत निघालो. उताराशी बायका कपडे धूत होत्या, दोन पोरे म्हशी घेऊन अलीकडून पलीकडे चालली होती, आणि पाणी त्यांच्या गुडघ्याच्या वर नव्हते.